लेकुरवाळी मरळ

नऊ वर्षं झाली, ही गोष्ट माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. बहिणीला सांगितली नाही, मुलीला नाही, नमाजाला रोज शेजारी बसणाऱ्या माणसालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असलात तरी माझ्या तोंडावर काही बोलायला येणार नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणानं झाली. असो. जसा आहे तसा आहे.

मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करतो. डॉक्टर नाही, पण खेड्यात इंजेक्शनची पिशवी घेऊन फिरणारा प्रत्येक जण डाक्टरच असतो. मूळचा वरोऱ्याचा, शिंप्याच्या घरातला. बायको गेली तेव्हा आमची नाझनीन अकरा वर्षांची होती. तिला आपाकडे, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीकडे ठेवलं आणि चिमूरच्या पलीकडे एका गावात बदली झाली तिथं एकटाच जाऊन राहिलो. दिवस निघून जायचा. गाई होत्या, म्हशी होत्या, शेळ्यांना पोटफुगी होती. पण पाचनंतर काय? खोलीत स्टोव्ह, एक खाट, आणि भिंतीवर आधीच्या भाडेकरूनं ठोकलेले खिळे. त्या खिळ्यांना अडकवायला माझ्याकडे काही नव्हतं. मी फार एकटा होतो — हे आज सरळ लिहितोय, तेव्हा कुणी विचारलं असतं तर हसून उडवून लावलं असतं.

गावाला लागून जुना तलाव होता, निम्मा कमळांनी भरलेला. मासे धरायचा हक्क गावातल्या धीवरांच्या सोसायटीचा. त्यातले सगळ्यांत जुने इस्तारीभाऊ. त्यांच्या म्हशीचं अडलेलं रेडकू मी एकदा ओढून काढलं, तेव्हापासून ते मला संध्याकाळी डोंग्यात बसवून नेऊ लागले. डोंगा म्हणजे एका अखंड खोडातून कोरलेली होडी, माणसाच्या कंबरेएवढी रुंद. पुढचं टोक एका बाजूनं फुटलेलं, त्यावरून गावभर ओळखू यायचा. सोसायटीनंही हरकत घेतली नाही. माझ्या इंजेक्शनांची पुण्याई.

पहिल्याच दिवशी मी डोंग्यात उभा राहिलो आणि दोघंही पाण्यात गेलो. इस्तारीभाऊ वर आले ते हसतच. म्हणाले, "डाक्टर, म्हशीच्या पोटात हात घालता, अन् इथी बसता नाई येत काऊन?" पुढं शिकलो. बुडाशी मांडी घालून बसायचं, श्वासही एका बाजूला झुकून घ्यायचा नाही. गरीला — इकडे गळाला गरी म्हणतात — जिवंत बेडूक लावायचा आणि कमळाच्या पानांमधल्या मोकळ्या जागेत अलगद सोडायचा. तो पोहत राहिला पाहिजे. आम्हाला हवी असायची मरळ. काळी, दंडासारखी, दात असलेली. ती हवा घ्यायला वर येते. "पानी नोका पाहू," इस्तारीभाऊ सांगायचे, "पानं पाहा. पान हाललं का समजा बाई आली."

आठ महिने मी पानं पाहिली. पान हलायचं, मी घाईनं दोरी ओढायचो, बेडूक परत यायचा — बहुतेक वेळा धडधाकट. पारावरची मंडळी विचारायची, "काय डाक्टर, आज किती बेडकाईले आंघोळ घातली?" मला हसू यायचं, आणि रागही यायचा. इस्तारीभाऊ मात्र कधी टिंगल करत नसत. ते फारसं बोलतच नसत. त्यांचीही बायको गेलेली, मुलगी बल्लारपूरला दिलेली. दोन माणसं एका खोडात बसून दोन तास गप्प राहायची, आणि मला त्या आठवड्यातलं तेवढंच बोलणं झाल्यासारखं वाटायचं.

आता ती रीत सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. पावसाळ्यात मरळीची पिल्लं निघतात. लालसर, शेवयांसारखी, शेकड्यानं, एकत्र गोळा होऊन पाण्याच्या वरच्या अंगाला फिरतात. खाली नर-मादी दोघं पहारा करतात. त्या दिवसांत मरळ जवळ आलेल्या कशावरही तुटून पडते — भुकेनं नव्हे, पिल्लांसाठी. म्हणजे तेव्हा तिला धरणं शेंबड्या पोराचं काम. म्हणून तिला धरायचं नाही. ज्याला असा गोळा आधी दिसेल त्यानं तिथं बांबूची काडी रोवायची, वर पळसाचं पान बांधायचं, आणि पिल्लं आपल्या वाटेनं पांगेपर्यंत त्या काडीच्या बाजूला गरी टाकायची नाही. लेकुरवाळीला हात लावत नाहीत. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण जाळं चोरणाऱ्यापेक्षा काडी मोडणाऱ्याला तिथं हलका समजत. त्या तलावातल्या बहुतेक काड्या इस्तारीभाऊंनीच रोवलेल्या असायच्या.

दर शनिवारी नाझनीनचा फोन यायचा. "अब्बा, मछली मिली क्या?" मी बढाई मारून ठेवली होती ना — स्वतः धरलेली मरळ घेऊन येईन म्हणून. आठ महिने तोच प्रश्न, मग एका शनिवारी तिनं तो विचारलाच नाही. शाळेचं काहीतरी बोलली आणि फोन ठेवला. मला ते फार लागलं. आता तुम्हाला वाटेल, मुलीपायी केलं बिचाऱ्यानं. नको. मुलीच्या आड लपायची माझी जुनी खोड आहे, तिला भाव देऊ नका. पारावर हसणाऱ्यांचा राग मला मुलीच्या प्रेमाइतकाच होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. भाताच्या रोवणीचे दिवस, सारं गाव चिखलात. इस्तारीभाऊ तापानं घरी पडले होते. मी सकाळी जाऊन त्यांना गोळ्या दिल्या, चहा करून दिला. डोंगा नेऊ का, विचारलं. ते कण्हतच म्हणाले, "न्या ना. पन काडीच्या अंगानं जाऊ नोका, डाक्टर. लेकुरवाळी हाय ते." मी हो म्हणालो. आणि हो म्हणतानाच मला माहीत होतं. इतकं स्पष्ट माहीत होतं की घरातून निघताना मी त्यांचा दुपट्टा खुंटीवरून घेतला आणि डोक्याला त्यांच्यासारखाच गुंडाळला. ऊन होतं, हे खरं. ऊन रोजच असायचं, हेही खरं.

काडीपाशी पोचायला दहा मिनिटं लागली. पिल्लांचा लाल गोळा पाण्यावर शिजल्यासारखा हलत होता. मी बेडूक त्यांच्या मधोमध टाकला. पान हलायची वाट बघावी लागली नाही. पाणी फुटलं, दोरीनं बोट कापलं, आणि डोंगा एका अंगावर गेला. मी बरोबर तोल सांभाळला. आठ महिन्यांत शिकलेलं सगळं त्या एका क्षणात कामी आलं, आणि — हे सांगायला लाज वाटते — मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं ओरडलो.

मासा कमळाच्या पानांत गुंडाळला, लसी ठेवायच्या बर्फाच्या पेटीत घातला आणि दुपारची एसटी पकडली. वरोऱ्यात आपाच्या ओट्यावर मी शर्यत जिंकल्यासारखा उभा होतो. नाझनीननं फोटो काढला. कालवण झालं, शेजारी वाट्या गेल्या. "अब्बाने खुद पकडी," ती प्रत्येकाला सांगत होती. मी भरपूर जेवलो. अन्न घशाखाली उतरलं नाही वगैरे काही झालं नाही.

सोमवारी संध्याकाळी पारावर सोसायटी बसली. पलीकडच्या बांधावर रोवणी करणाऱ्या बायांनी पाहिलं होतं — फुटक्या टोकाचा डोंगा काडीजवळ, डोक्याला दुपट्टा बांधलेला माणूस, दोरी ओढताना. इस्तारीभाऊ घोंगडी पांघरून आले होते. ताप उतरला नव्हता. अध्यक्ष मारोतीभाऊ वयानं त्यांच्या मुलासारखे, त्यांनाच जास्त अवघड झालं होतं. "भाऊ, डोंगा कोनाले देल्ला होता का?"

इस्तारीभाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "डोंगा माहा हाय," म्हणाले. "जे झालं ते माह्यावर."

मग मारोतीभाऊ माझ्याकडे वळले. "डाक्टर, तुमी त्याईच्या संगं असता. आयतवारी काय झालं, तुमाले काई ठावं हाय का?"

किती सोपं होतं? सगळं कबूल करायचीही गरज नव्हती. रविवारी सकाळी हा माणूस तापानं फणफणला होता, मी स्वतः गोळ्या दिल्या, एवढं म्हटलं असतं तरी ते सुटले असते. गावानं मला काय केलं असतं? चार शिव्या, फार तर बदली. मी म्हणालो, "आयतवारी मी वरोऱ्याला होतो."

शब्दानं खोटं नव्हतं त्यात. एसटीचं तिकीट खिशात होतं. ते काढून दाखवायलाही मी तयार होतो, पण कुणी मागितलं नाही.

सोसायटीनं त्यांना वर्षभर तलावावर यायला बंदी केली. डोंगा ओढून काठावर उलटा घातला. एवढ्यानं माणूस उपाशी मरत नाही. पण काड्या रोवणाऱ्यानंच काडी मोडली, असं गावानं धरलं, आणि पुढं इस्तारीभाऊ पारावरून गेले की बोलणं थांबायचं. मी त्यांच्या घरी जाणं कमी केलं. आधी काम आहे म्हणून, मग पाऊस आहे म्हणून, मग काहीच कारण न देता. दिवाळीनंतर मुलगी येऊन त्यांना बल्लारपूरला घेऊन गेली. एसटीत बसवायला मी गेलो नाही. त्या दिवशी एका बैलाला खुराच्या दुखण्यावर औषध देत होतो, आणि ते औषध मी फार सावकाश दिलं.

वर्ष संपल्यावर ते परत आले नाहीत. डोंगा उन्हात तडकला. दुसऱ्या कुणी मला तलावावर नेलं नाही, मीही कुणाला म्हणालो नाही. पाचनंतर पुन्हा ती खोली आणि ते खिळे.

तीन वर्षांनी कामानिमित्त बल्लारपूरला गेलो होतो, तेव्हा पत्ता काढून त्यांच्याकडे गेलो. सगळं सांगून टाकायचं, असं रेल्वे फाटकापर्यंत पक्कं होतं. ते दारासमोर खाटेवर बसले होते, खूप वाळलेले. मला पाहून उठायला लागले. चहा झाला, म्हशींचं विचारलं, नाझनीनचं विचारलं. मी उठलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"डाक्टर, एक इचारू? एक तरी ठेवली होती ना मांगं?"

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. ते मला समजायला हवं होतं, दुसऱ्या कुणाकडे डोंगा होता? पण त्यांना माझ्याकडून तेवढंच हवं होतं. दोघांतली एक जरी राहिली तरी ती पिल्लं सांभाळते, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

इथपर्यंत मी तुम्हालाही एकच मरळ सांगितली. दोन होत्या. पहिली डोंग्यात पडली तेव्हा गोळा तिथंच गोल फिरत होता, आणि दुसरी लगेच त्यांच्याखाली येऊन उभी राहिली. मला ती दिसत होती. मी गरीला दुसरा बेडूक लावला.

"हो भाऊ," मी त्यांना म्हणालो. "एक सोडली होती."

त्यांचा चेहरा उजळला. माझा हात त्यांनी थोपटला. "मंग बरं," म्हणाले. "मंग जगले असतीन पिल्लं."

जगली नव्हती. सोमवारी गावात उतरल्यावर घरी जायच्या आधी मी तलावावर गेलो होतो. काडीभोवती पाणकावळे बसले होते.