गंगूबाईचा कागद

काल पणतू दवाखान्यातून घरी आला. "बेंबीला काही लावू नका," असं नर्सनं बजावल्याचं नातसून सांगत होती. ते ऐकलं आणि मी निजामाच्या काळातल्या जाफराबादेत पोचलो. आजवर हे कोणालाच सांगितलेलं नाही.

मी तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. एका सकाळी गंगूबाई सुईण एक उर्दू कागद घेऊन आली. तिच्या हातांना गोवऱ्यांच्या राखेचा वास होता. जालन्याहून आलेल्या डॉक्टरांनी तो कागद सुइणींना वाटला होता आणि गावात उर्दू वाचणारे मोजकेच होते.

"कंपाउंडरसाहेब, वाचून दाखवा की. का चष्मा घरी राह्यला?"

नाळ कापायचं पातं उकळा, बेंबीला राख लावू नका, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण बायका माझ्यापेक्षा तिचंच ऐकत, याचा मला राग होता. ही आणखी शहाणी झाली तर मला कोण विचारणार?

"जन्माची खबर चावडीवर द्यायची, एवढंच हाय," मी म्हणालो.

"एवढ्याला इत्ता मोठा कागद कामून नासला?" ती हसली आणि तशीच एका बाळंतपणाला गेली.

आठव्या दिवशी तिथलंच बाळ घेऊन ती आली. त्याचा जबडा आवळला होता, अंग धनुष्यासारखं ताठलं होतं. दुपारी ते गेलं.

"माझं काही चुकलं का ओ, साहेब?"

"न्हाई. देवाची मर्जी."

तिच्या जिवात जीव आला. मागच्या गल्लीत एका बाईचे दिवस भरले होते. गंगूबाई तिच्याकडे निघाली आणि मी तिला जाऊ दिलं.