आरशाच्या आतला वर्ग

आमच्या विद्यापीठाची नवी इमारत कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला अगदी लागून आहे. ती उभी राहिली तेव्हा पुढच्या भिंतीला तळापासून गच्चीपर्यंत निळी काच बसवली होती, आणि एकही खिडकी उघडत नव्हती. मी तिथे वास्तुकलेच्या मुलांना शिकवते. माझा विषयच मुळी खिडक्या आणि दिवसाचा उजेड. तो मी तळमजल्यावरच्या वर्गात, त्या काचेमागे, भर दुपारी ट्यूबलाइट लावून शिकवायचे. बाहेरचा उजेड काच इतका गाळून घ्यायची की दिव्याशिवाय मुलांना स्वतःच्या पेन्सिलीची रेघ दिसायची नाही. उकाडा मात्र न गाळता यायचा.

नकाशे तयार होत होते तेव्हा मी डायरेक्टर सरांना म्हटलं होतं, "सर, खिडक्या उघडणाऱ्या ठेवू या ना. समोर डोंगर आहे, चांगला वारा येतो."

"मॅडम, वारा काय, कुठेही मिळतो," सर म्हणाले. "रस्त्यानं जाणाऱ्याला आपण मोठे वाटलो पाहिजे."

सरांचं अर्धं आयुष्य रसायनीच्या एका कारखान्यात मॅनेजर म्हणून गेलेलं. कडक इस्त्रीचा शर्ट, कमी बोलणं आणि कुणी वाद घालायला लागलं की घड्याळाकडे बघणं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मी नकाशे गुंडाळले.

रस्त्यानं जाणाऱ्याला आम्ही मोठे वाटलो की नाही, देव जाणे. त्याला तो स्वतः दिसायला लागला. दिवसा बाहेरून ती काच म्हणजे लख्ख आरसा होती. आतून आम्हाला मात्र बाहेरचं सगळं दिसायचं, जरा निळसर, पण स्पष्ट. टेंपोवाले गाडी बाजूला घेऊन दात तपासायचे. मोटारसायकलवरची जोडपी उतरून केस सारखे करायची. एकदा सजवलेल्या गाडीतून एक नवरदेव उतरला, मुंडावळ्या बाजूला सारून त्यानं वेगवेगळ्या प्रकारे हसून बघितलं आणि शेवटी न हसण्याचं ठरवून परत गाडीत बसला. डोंगरातल्या वाडीवरून करटुलीची रानभाजी विकायला बाजारात निघालेल्या दोन बायका पाट्या खाली ठेवून एकमेकींच्या अंबाड्यातल्या पिना नीट करायच्या आणि आरशातल्या एकमेकींना बघून खो खो हसायच्या. आवाज काही आत येत नसे. आम्हाला नुसती तोंडं दिसायची.

अशा परिस्थितीत सूर्याचा कोन शिकवणं अवघड. मी फळ्याशी काही सांगत असले की सगळा वर्ग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत असायचा. म्हणून मी बाकं उलटी फिरवून घेतली. आता मुलांची पाठ काचेकडे आणि माझं तोंड काचेकडे. त्याच दुपारी एक गृहस्थ काचेला नाक लावून नाकातले केस उपटायला लागले. मी "दक्षिणायन" म्हणता म्हणता अशी हसत सुटले की मुलांनी मागे वळून बघितलं आणि तो तास तिथेच संपला. बाकं परत सरळ केली.

पदवीदान समारंभ जवळ आला तेव्हाची गोष्ट. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास चालू होता. डायरेक्टर सर एकटेच रस्त्याच्या बाजूनं चालत आले आणि बरोबर आमच्या वर्गासमोर थांबले. इकडेतिकडे बघितलं. खिशातून कंगवा काढून डोक्यावर जे काही उरलं होतं ते एका बाजूला बसवलं. मग दुसऱ्या खिशातून कागद काढला, घसा खाकरला आणि काचेकडे बघून भाषण सुरू केलं.

सर आमच्यापासून हातभर अंतरावर होते, आणि आम्ही त्यांच्या लेखी नव्हतोच. शब्द एकही ऐकू येत नव्हता. हात दिसत होते. सरांचे हात! एरवी खिशाबाहेर न येणारे ते हात वर जात होते, गोल फिरत होते, एकमेकांवर आपटत होते. मध्येच एक बोट आभाळाकडे जायचं आणि तिथेच विसरून राहायचं.

"मॅडम, सरांना बोलवू का आत?" पुढच्या बाकावरच्या मुलीनं कुजबुजत विचारलं.

"खबरदार," मी म्हटलं.

ही मुलगी साजगावची. वर्गात सगळ्यात उंच आणि नकला करण्यात पटाईत. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा आले, तिसऱ्या दिवशीही. तेव्हा ती हळूच उठली आणि काचेशी जाऊन सरांच्या बरोबर समोर उभी राहिली. सरांनी उजवा हात वर केला की हिचा डावा वर. सरांनी छाती पुढे काढली की हिचीही. खरंच आरशासारखी. मुलं तोंडात रुमाल कोंबून हसत होती. मी रागावण्यासाठी तोंड उघडलं, पण त्यातून हसूच बाहेर आलं. मग रोज तेच. मुलं इतक्या वेळेवर वर्गात कधी आली नव्हती.

आरशासारख्या काचेचा नियम मी त्या मुलांना स्वतः शिकवला होता: जिकडे उजेड जास्त, तिकडून आरसा, जिकडे कमी, तिकडून नुसती काच. सगळ्यांनी तो वहीत उतरवूनही घेतला होता.

समारंभाच्या दोनेक दिवस आधी दुपारी घाटाकडून ढग उतरले आणि बाहेर चांगलाच अंधार झाला. आत सगळे ट्यूबलाइट चालू. काचेतून बाहेरचं जरा पुसटच दिसत होतं. सर आले. आमची मुलगी जागेवर जाऊन उभी राहिली. सरांनी कागद उघडला, मान वर केली आणि हात वर नेला. तिनंही नेला. सरांचा हात तिथेच थांबला. तिचाही थांबला. सर पुढे वाकले. तीही वाकली. त्यांचे डोळे तिच्यावरून माझ्यावर आले आणि माझ्यावरून मागच्या सगळ्या वर्गावर गेले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अगं, खाली बस!" मी ओरडले. ती मटकन जमिनीवरच बसली.

सर आत आले तेव्हा सगळा वर्ग उभा होता. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. सरांनी घड्याळाकडे बघितलं नाही, तेव्हाच मला कळलं की हे काहीतरी वेगळं आहे.

"कधीपासून दिसतंय हे?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून, सर," मी म्हटलं.

"कंगवासुद्धा?"

"कंगवासुद्धा."

सर एका बाकावर टेकले. मग त्या मुलीला म्हणाले, "भाषण कसं वाटलं?"

"आवाज येत नाही सर," ती डोळे पुसत म्हणाली. "पण हात फार आहेत."

"फार म्हणजे?"

"म्हणजे... कोणीतरी बुडतंय असं वाटतं."

पहिलं कोण हसलं माहीत नाही. मला वाटतं, सरच. त्यांनी मग खाली मान घालून सांगितलं की कारखान्यात असताना ते हुकूम सोडत, भाषण कधी केलं नव्हतं. माईक समोर आला की पाय कापतात. "हात हलवले म्हणजे पायांकडे कुणी बघत नाही," ते म्हणाले.

पुढचे दोन दिवस तिनं सरांची तालीम घेतली, वर्गातच, आमच्या सगळ्यांसमोर. "सर, पुन्हा उडाला हात!" असं ती निर्धास्त ओरडायची. समारंभाला सरांनी दोन्ही हातांनी समोरचा लाकडी डेस्क घट्ट धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. डेस्क हलका होता. सरांच्या पायांचं कापणं त्यात उतरलं आणि तो भाषणभर इंच इंच पुढे सरकत गेला, सर त्याच्यामागे. समारोपाला पोचेपर्यंत पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी पाय पोटाशी घेतले होते. टाळ्या मात्र भरपूर पडल्या, सगळ्यात जोरात आमच्या वर्गाच्या.

नंतर सरांनी मला बोलावून घेतलं. "तळमजल्याची काच काढू या," ते म्हणाले. "साधी बसवा. उघडणारी. वर छज्जा करा."

मला आनंद लपवता आला नाही. "उजेडासाठी ना, सर?"

"नाही. बिचारी लोकं तिथे थांबून काय काय करतात. आतून सगळं दिसतं हे त्यांना सांगणार कोण?"

खिडक्या बसल्या. पहिल्याच दिवशी त्या करटुलीवाल्या बायका सवयीनं थांबल्या आणि समोर अख्खा वर्ग बघून दचकल्या.

"आगं बाय! तुमी कवा आलात?" थोरली म्हणाली.

"आम्ही इथेच होतो, मावशी."

"आन आमाला दिसत नव्हतं?" तिनं तोंडावर पदर घेतला. "आनि आमी काय काय करत व्हतो गं!" दोघी हसत हसत गेल्या, या वेळी आवाजासकट. पुढे आठवड्यातून एकदा त्या खिडकीशी थांबून करटुली विकू लागल्या. शिक्षकांच्या खोलीतल्या सगळ्यांनी त्या मोसमात इतकी करटुली खाल्ली की घरची माणसं कंटाळली.

वर्गात आता चार वाजेपर्यंत दिवा लागत नाही. मागच्या महिन्यात मी छज्जा किती पुढे काढावा ते शिकवत होते, तेव्हा सर येऊन शेवटच्या बाकावर बसले. त्यांनी एक प्रश्नही विचारला, बऱ्यापैकी चांगला. मग डोंगराकडून वारा आला, मुलांनी नकाशांवर कोपरं ठेवली, आणि सरांची मान हळूहळू छातीवर उतरली. मी आवाज जरा खाली आणला आणि पुढे शिकवत राहिले.