टांग्याच्या कमानी

माझं आणि माझ्या भासऱ्यांचं सगळ्यात मोठं भांडण दमणीच्या कमानींवरून झालं, आणि ते आम्ही एकमेकांशी एक शब्द न बोलता भांडलो. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्याशी तोंडानं बोलायचं नाही, अशी आमच्यात रीत होती. बोलायचंच झालं तर सासूबाईंना मध्ये घालायचं. मी त्यांना सांगायची, त्या त्यांना सांगायच्या. आम्ही तिघं एकाच ओसरीवर बसलेलो असलो तरी हेच. माझा शब्द भासऱ्यांच्या कानावर पडला तरी सासूबाईंच्या तोंडून येईपर्यंत तो त्यांनी ऐकलेला नसायचा.

आम्ही जातीचे कासार. किन्हीराजाच्या अलीकडे आमचं गाव. भासरे घरच्या दुकानात पितळेची भांडी विकायचे. माझ्या नवऱ्याला दमा. त्यामुळे बांगड्यांचा व्यापार माझ्याकडे आला आणि मी तो सोडला नाही. सुगी संपली की उन्हं तापेपर्यंत मी जत्रा, उरूस, आठवडी बाजार करायची. दमणी म्हणजे बैलांची हलकी गाडी, वर तट्ट्याचं छप्पर. तिच्यात पुढे माल, मागे माझं अंथरूण. नवरा खाली, गाडीच्या सावलीत. चूल चाकाशेजारी. घरापेक्षा मला तिथे बरं वाटायचं. तिथे मला कुणी तिसऱ्याच्या तोंडून बोलायला लावत नव्हतं.

त्रास एकच होता. गाडीची साटी, म्हणजे माल ठेवायचा तळ, सरळ चाकांच्या कण्यावर बसवलेली. चाक खड्ड्यात गेलं की तो दणका जसाच्या तसा काचेला. कण्याच्या आणि मालाच्या मध्ये काहीतरी घालायला हवं, हे घरात सगळ्यांना मान्य होतं. काय घालायचं, यावर भांडण पेटलं.

माझं म्हणणं, साटीत एक चौकट बसवावी, अंबाडीच्या दोरानं बाजेसारखी विणावी आणि माल तिच्यावर ठेवावा. सुताराचं म्हणणं, भरपूर तणस, वाळलेलं गवत, घाला, बाकी कशाची गरज नाही. त्याच्याकडे लग्नसराईची कामं पडली होती, दुसरं काय म्हणणार. भासरे तेवढ्यात वाशिमला जाऊन एका मोडीत काढलेल्या टांग्याच्या लोखंडी कमानी घेऊन आले आणि ओसरीवर आणून आदळल्या. एकीवर एक चढवलेल्या जाड पट्ट्या, धनुष्यासारख्या वाकवलेल्या.

"मा, तिले सांग, बाजीवर बायका बाळंत होतात. माल नाई जात बाजीवरून."

मी म्हणाले, "आत्याबाई, त्यायले म्हणा, टांग्यात माणसं बसतात. काच नाई बसत."

सासूबाई गोधडीला टाका घालत होत्या. मान वर न करता मुलाला म्हणाल्या, "ती म्हणते, तू म्हणशीन तसं."

हे असं चालायचं. त्यांना घरात तंटा नको होता, म्हणून त्या शब्दच बदलून टाकायच्या. मी समोर बसलेली असून मला काही करता यायचं नाही.

मग भासऱ्यांनी अट घातली. "कमानी मी बसवून देतो. पन यंदा मंगरुळाच्या उरुसात माल फुटका निघाला, तं पुढच्या सालापासून जत्रा मी करीन. तिले सांग, मंग भाकरी थापत बस म्हणा." म्हणजे कमानी त्यांच्या, फुटलं तर गुन्हा माझा. माझ्या जत्रांवर त्यांचा डोळा कधीपासूनच होता. गावातल्या गिऱ्हाइकाला हंडा एकदा विकला की तो त्याला जन्मभर पुरतो. बांगडीचं तसं नाही.

सुतारानं कमानी बसवल्या. भासऱ्यांनी आपले तीन मित्र गाडीत घातले, स्वतः चढले आणि ओढ्यापर्यंत जाऊन आले. चौघंही अंगानं भरलेले. उतरताना एकजण म्हणाला, "वा गा! पोटातलं पानी हाललं नाई!"

मी सासूबाईंना म्हणाले, "चार रेडे बसले म्हणून कमान दबली. माह्या मालाचं वजन एका माणसाएवढं नाई. रिकामा टांगा कसा उडवते, ते टांगेवाल्याले इचारा म्हणा."

सासूबाई म्हणाल्या, "ती म्हणते, झ्याक झाली."

भासरे मिशीत हसले. 'रेडे' त्यांनी ऐकलं होतं. पण रीतीप्रमाणे ऐकलं नव्हतं.

उरुसाला आम्ही दोन गाड्या घेऊन निघालो. पुढे भासऱ्यांची बंडी, पितळी हंड्या-घागरींनी भरलेली. ते या साली मुद्दाम आले होते; माझा माल फुटलेला डोळ्यांनी पाहायला. मागे आमची दमणी. शेलूपर्यंत रस्ता बरा होता. पुढे पावसाळ्यात गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झालेल्या. पहिल्याच खड्ड्यात दमणीनं उडी मारली. जुनी गाडी नुसती आपटायची. ही आपटून पुन्हा वर उडायची. मागे काच वाजली.

नवरा उतरला, मीही उतरले. आमच्याकडे वाईट रस्ता लागला की माणसं खाली उतरतात. बैलांना हलकं होतं, गाडीला हलकं होतं, लहानपणापासून हेच पाहिलेलं. आम्ही दोघं गाडीच्या दोन्ही अंगांनी चालू लागलो. आणि गाडी जास्तच उडायला लागली. काच आता थांबून थांबून नाही, एकसारखी वाजत होती. मी स्वतः सासूबाईंपुढे बोलून दाखवलेली गोष्ट, रिकामा टांगा उडवतो ही, आणि रस्ता बिघडला तशी मी सवयीनं खाली उतरले होते. पुन्हा चढून बसले. आवाज कमी झाला. नवऱ्याला वर ओढलं. आणखी कमी झाला.

गाडीला वजन हवं होतं. आणि वजन माझ्यापुढे बंडीतून चाललं होतं.

"अहो, त्यायले सांगा," मी नवऱ्याला म्हणाले, "थोडे हंडे आपल्या गाडीत टाका म्हणा. तळाशी. त्यांच्यावर तणस, तणसावर माल."

नवरा खोकला. त्याला अवघड ठिकाणी नेमका खोकला यायचा. बैलाच्या गळ्यातला दोर तो पुन्हा पुन्हा नीट करू लागला. सासूबाई घरी. मध्ये घालायला माणूस उरला नाही. मी उतरले, पुढे गेले आणि बंडीच्या बैलांसमोर उभी राहिले.

"भाऊजी, गाडी थांबवा. तुमचे हंडे माह्या गाडीत टाका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या डोक्यावरून माझ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि ओरडले, "अबे, इले माह्याशी बोलाले कोनं शिकवलं?"

"तुमच्या कमानीनं," मी म्हणाले.

"बाजूले कर तिले. नाई तं बैल घालतो अंगावर."

"घाला. मंग मंगरुळात बांगड्या तुमी भरा. बायका हात देतीन तुमच्या हातात?"

ते खाली उतरले नाहीत, हंडाही दिला नाही. "फुटू दे," एवढंच म्हणाले आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळून माझ्या अंगाला घासून बंडी पुढे काढली. मला बाजूला व्हावं लागलं.

कडेच्या शेतात, बांधावर काढून टाकलेले दगड होते. मी माल खाली उतरवला, आणि आम्ही दोघांनी दगड आणून साटीच्या तळाशी लावले, मध्ये तणस कोंबली. नवरा दम लागून बसला तेव्हा उरलेले मी आणले. दगडांवर पुन्हा तणस, वर माल. पुढच्या वाटेला गाडी डुलली, उडली नाही. बैलांचे हाल झाले ते झाले.

तोपर्यंत नुकसान झालंच होतं. मंगरुळात पोचल्यावर मी माल उलगडला. फुटलेल्या बांगड्यांचं काही नाही, त्या दिसतात. चीर गेलेल्या दिसत नाहीत; त्या गिऱ्हाइकाच्या मनगटावर चढताना फुटतात. आणि भरताना फुटलेली बांगडी कासाराच्या अंगावर, असा नियम. त्यातून नव्या नवरीच्या हातात फुटली तर तिची आई शिव्या देणार ती वेगळी. मी एकेक बांगडी नखानं वाजवून पाहिली. खणखणीत ती इकडे, बद्द ती तिकडे. बद्दच्या ढिगाकडे बोट करून भासरे शेजारच्या पालातल्या माणसांना मोठ्यानं सांगत होते, "पाह्यून घ्या. बाईच्या हातात धंदा देल्ला का असं होते."

मी उरुसातला लोहार गाठला. दोन्ही कमानींच्या मधल्या पट्ट्या काढायला लावल्या, दाब देऊन पाहिला, आणखी एकेक काढायला लावली. कमानी वाईट नव्हत्या. दोरापेक्षा बऱ्याच, हे मी तिथल्या तिथे मान्य केलं. चार माणसांच्या होत्या, एवढंच. परतीला दगडांशिवाय आले, आणि उरलेला माल शाबूत आला.

भासऱ्यांना तो दिसला नाही. ओसरीवर त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या, माल फुटला आणि तिनं तोंड उघडलं. "मा, तिले इचार. जत्रा सोडते का वाटणी घेते?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी शब्द फिरवण्याआधीच मी सरळ भासऱ्यांना म्हणाले, "वाटणी."

त्यांनी घर, दुकान, भांडी सगळं स्वतःकडे ठेवलं आणि पंचांना सांगितलं की धाकटीला भटकायची हौस आहे, दमणी देऊन टाका. पंचांनी नवऱ्याला विचारलं, नवरा खोकला. मी हो म्हणाले. गावाबाहेर तेल्याच्या गोठ्याची एक बाजू भाड्यानं घेतली. पावसाळाभर ती गळत होती.

सुगी झाल्यावर मी रिठदच्या बाजाराला गाडी लावली. पहिली बाई बसली, तिनं हात पुढे केला आणि आजूबाजूला पाहून विचारलं, "काहून व, यंदापासून तुहे भासरे येनार होते म्हने, आले नाई?"

"नाई," मी म्हणाले. "हात सैल सोड."