लांबत गेलेला मधुचंद्र

नागपंचमी जवळ आली की ठाण्याच्या दारात कापडी पिशवी धरून उभा राहिलेला तो मुराळी मला अजून आठवतो. मी तेव्हा लातूरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. भूकंपाला बरीच वर्षं उलटली होती आणि शहरात गल्लोगल्ली क्लासेसचे फलक लागले होते. आमच्याकडच्या तक्रारीही त्याच वळणाच्या असत: होस्टेलसमोरून सायकल गेली, मेसवाल्याशी मारामारी झाली, निकालाच्या धास्तीने मुलगा पळाला. सासरी गेलेली भाची हरवल्याची त्याची तक्रार त्यात वेगळीच होती.

माणूस लोह्याकडचा शेतकरी. पंचमीसाठी भाचीला माहेरी न्यायला आला होता. भाचीचे आईवडील किल्लारीकडच्या गावात भूकंपात गेले. घरातली ती एकटीच ढिगाऱ्यातून जिवंत निघाली. मामाने तिला वाढवलं, शिकवलं आणि लातूरच्या एका मोठ्या क्लासच्या संचालकाच्या मुलाला दिली. स्थळ असं, की सारं लोहा गाव बघत राहिलं.

"चैतात लगीन झालं, साहेब. पोरं सिंगापूरला गेली म्हणले. मंग मलेशियाला म्हणले, मंग थायलंड. आता मी मुराळी आलो तर व्याही म्हणतेत, मॉरिशसला हायती. तवापासून पोरीचा आवाज न्हाई ऐकला मी."

ठाणे अंमलदाराला हसू आवरेना. "मामा, नवं लग्न आहे. फिरू द्या की पोरांना."

मामाने पिशवी टेबलावर ठेवली. आत हिरव्या बांगड्या आणि घडी न मोडलेली साडी होती. "माझ्या बहिणीचं येवढंच उरलंय, साहेब," तो म्हणाला. अंमलदाराचं हसू तिथेच थांबलं. बेपत्ता म्हणून नोंद घ्यायला मी सांगितलं.

दुपारी ठाण्यात फोन वाजला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "क्लासवाल्या सरांचा पोरगा मुरुडच्या बाजारात फिरून राहिला. एकटाच हाय. बायकू न्हाई संगं." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. मामाच्या तक्रारीची बातमी तोवर पसरली असावी.

बायकोला घेऊन परदेशी गेलेला नवरा गुपचूप परततो, बायको कुठे दिसत नाही, आणि बाप अजून मॉरिशसच्या गप्पा मारतो. अशा वेळी पोलिसाच्या डोक्यात काय येतं ते सांगायला नको. मुरुडच्या चौकीला निरोप देऊन मी साध्या कपड्यांत सरांच्या बंगल्याकडे निघालो. मामाला ठाण्यात थांबायला सांगितलं होतं, पण तो आधीच जीपमध्ये जाऊन बसला होता.

बंगला नवा, दुमजली. संचालक पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे. मामाला त्यांनी ओसरीवर बसवलं, मला दिवाणखान्यात नेलं आणि न विचारता सांगायला लागले. सिंगापूरचं बंदर, मलेशियातलं रबर, थायलंडचा तांदूळ, मॉरिशसचा ऊस. एकही देश मागेपुढे नाही.

मी ऐकत राहिलो. लांबचा प्रवास करून आलेल्याच्या घरी मी अनेकदा चहा प्यायलो आहे. तो माणूस आधी रडगाणं गातो. जेवण बेचव होतं, बॅग हरवली, बायकोचं पोट बिघडलं. खोटं सांगणाऱ्याच्या सहलीत कुणाचं पोट बिघडत नाही.

"जेवणाचे हाल होत असतील पोरांचे?" मी विचारलं.

"छे! उत्तम सोय आहे."

"सूनबाईंना विमानाचा त्रास?"

"मुळीच नाही. मजेत आहे."

"मग तुमचा मुलगा मुरुडच्या बाजारात काय करतोय?"

सरांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. "दुसरा कुणी असेल," ते म्हणाले. आवाज तोच होता, पण त्यांची नजर स्वयंपाकघराकडे गेली.

तेवढ्यात मांडणीवरची भांडी वाजली. खिडकीची तावदानं थरथरली आणि पायाखालची फरशी हलली. त्या काळी लातुरात याचा अर्थ कुणी कुणाला विचारत नसे. आम्ही सगळे एकदम अंगणात. धक्का हलका होता, लगेच थांबलाही. पण सरांच्या पत्नी कणकेच्या हातांनी धावत आल्या आणि छातीला हात लावून म्हणाल्या, "अगं माय! बरं झालं, पोरगी शेडात हाय. इथं असती तर जीवच सोडला असता तिनं!"

मामा ओसरीवरून कधीचा खाली आला होता. तो बाईंकडे बघत म्हणाला, "जित्ती हाय ना?"

"हाव हो भाऊ, जित्ती हाय," म्हणत त्या रडायला लागल्या.

मग सर तुळशीच्या कट्ट्यावर बसले आणि खरं बोलले. पोरं सिंगापूरला खरंच गेली होती. हॉटेलची खोली उंच मजल्यावर. सुनेने त्या खोलीत पाय ठेवला नाही. खाली दारापाशीच्या सोफ्यावर बसून राहिली. आठवड्याच्या आत दोघं परतली. बंगल्यातही तेच. डोक्यावर स्लॅब आला की तिला घाम फुटायचा. शेवटी मुलगा तिला घेऊन मुरुडजवळच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडात राहायला गेला. सासूबाई रोज डबा पाठवत होत्या.

"मग मलेशिया कुठून आला?" मी विचारलं.

"पोरगा सिंगापूरला चालला म्हणून गावभर पेढे वाटले होते, साहेब. आता सरांची सून पत्र्याच्या शेडात राहते, असं सांगू? विचारणारे थांबेनात. मी एकेक देश वाढवत गेलो."

मला हसू आलं आणि त्याहून जास्त राग आला. एका माणसाच्या इभ्रतीपायी दुसरा माणूस आपली भाची मेली असं समजून माझ्या जीपमध्ये बसून आला होता.

शेडावर पोचलो तेव्हा ती दारात तांदूळ निवडत होती. मामाला बघताच सूप बाजूला पडलं. मामाने तिचं डोकं छातीशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"तुला सांगू नका म्हणून मीच म्हणले होते, मामा."

"का गं माय?"

"तू मला घेऊन गेला असतास. कायमचं. मला ह्यांच्यापाशीच राहायचंय."

नवरा बाजूला मान खाली घालून उभा होता. चांगला शिकलेला, क्लासमध्ये गणित शिकवणारा. मी त्याला झापायच्या तयारीत होतो. तो एवढंच म्हणाला, "तिला हितं झोप लागती, साहेब. म्हणून मीबी हितंच."

मामाने वर पत्र्यांकडे पाहिलं. "माझ्या घराला बी पत्रेच. म्हणून मला कधी कळलंच न्हाई," तो म्हणाला, आणि इतका वेळ स्वतःला आवरून धरलेला तो माणूस तिथे रडला.

मुलीचा जबाब घेतला: सज्ञान आहे, स्वखुशीने राहते, कुणाविरुद्ध तक्रार नाही. गुन्हा काहीच नव्हता. मागून आलेल्या सरांना मात्र त्यांचीच काळजी होती. "आता लोकांना काय सांगू?"

मामा भाचीच्या हातात हिरव्या बांगड्या चढवत होता. मान वर न करता म्हणाला, "सांगा, मुराळी आलता. सून पंचमीला माहेरी गेली म्हणावं." सरांनी मान हलवली. परदेशांपेक्षा हे सोपं होतं.

पंचमी झाल्यावर नवरा तिला आणायला लोह्याला गेला. पुढे सरांनी बंगल्याच्या अंगणात पत्र्याची एक खोली बांधली. तिथून जाताना मी पाहिली आहे. दारात दोघांच्या चपला होत्या.

त्यानंतर बेपत्ता माणसाची तक्रार आली की, तो कुठे गेला असेल याआधी मी विचारायचो, तो घरात कुठे झोपत होता? या एका प्रश्नाने मला पुष्कळ माणसं शोधून दिली.

भूकंपाच्या बंदोबस्ताला मीही होतो. माणूस ढिगाऱ्यातून जिवंत काढला की आम्ही नोंद करायचो आणि पुढच्या घराकडे वळायचो. आम्हाला वाटायचं, तो सुटला. ती पोरगी इतक्या वर्षांनंतरही त्या ढिगाऱ्यातून बाहेर येत होती, आणि तिला हात द्यायला तिचा नवरा पत्र्याखाली झोपत होता.