लाईट आल्याचा फोन

आमचे अण्णा दोनदा वारले. पहिल्यांदा माझ्यामुळे.

दोन हजार चार साल. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी श्रीगोंद्याजवळच्या आमच्या मळ्यात परतलो होतो. (नोकरी मिळाली नव्हती, असंही म्हणता येईल.) अण्णांनी हृदयाच्या दुखण्यानं खाट धरलेली, पण जीव सगळा विहिरीवरच्या मोटारीत. दिवसभर एकच, "आली का रं लाईट?" शेवटी मी डोकं चालवलं! मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड घेतला, त्याला पुण्याहून आणलेला मोबाईलचा मोडेम जोडला आणि डबा विहिरीवर टांगला. लाईट आली की बोर्डानं मोडेमला हुकूम सोडायचा, "लाव नंबर!" फोन वाजला की आपण समजायचं, आली लाईट.

घरचा फोन नेमका बंद पडलेला. पण चाचणी तर घ्यायचीच! मी घोडेगावच्या आत्याचा नंबर घातला. (तिला आधी कळवायचं राहिलं. एवढ्या मोठ्या शोधात असली बारीक कामं राहतातच.)

त्या दिवशी लाईट सारखी ये-जा करत होती. आत्यानं फोन उचलला.

"कोन बोलतंय?"

पलीकडे चिडीचूप. मोडेमला कुठलं आलंय तोंड! थोड्या वेळानं पुन्हा घंटा.

"अरं बोल की! दादा बरा हाय ना?"

तिसऱ्यांदाही कुणी बोलेना, तेव्हा तिनं हंबरडाच फोडला, "पोराला रडू आवरंना गं! गेला माझा दादा!"

दुपारी आमच्या दारात टेम्पो थांबला. आत आत्या, तिची भावकी, हार, मडकं आणि चक्क बांबू! "ऐनवेळी चांगलं मिळत न्हाईत," असं म्हणून आत्याच्या यजमानांनी ते वाटेत घेतले होते. अण्णा ओसरीत खाटेवर बसून दुधात भाकरी कुस्करत होते.

"कोन गेलं गं?" त्यांनी विचारलं.

"तू!" म्हणत आत्या त्यांच्या गळ्यात पडली आणि पोटभर रडली. अण्णांनी तिच्या खांद्यावरून बांबू निरखले. "लई सरळ हायेत. ऱ्हाऊ द्या हितंच."

पंधरवड्यात ते बांबू लागले.

मी धावत एसटीडी बूथवर गेलो, आत्याचा नंबर फिरवला. तिनं उचलला आणि माझा गळा असा दाटला, की तोंडातून शब्द फुटेना.

"आली व्हय लाईट?" आत्या कडाडली. "जाळ तुजा तो डबा, मुडद्या!" आणि फोन आपटला.

मी रिसीव्हर धरून तिथंच ढसाढसा रडत बसलो. आत्याला भावाचं तोंड शेवटचं दिसलं नाही ते नाहीच.

डबा माझ्यापेक्षा हुशार. त्याला निदान पुन्हा फोन लावायचं तरी कळत होतं!