मिठाच्या जमिनीतला मोगरा

सौदीतल्या अल खफजीच्या आमच्या वसाहतीत एक शेजारी होता. कुठली इमारत किती खचेल, हे आधीच सांगायची त्याची नोकरी. तिथली जमीन मिठाची. पाणी मुरलं की मीठ विरघळतं आणि पाया खाली बसतो. त्यामुळे अंगणात कुणाचा कपभर चहा सांडला, तरी पूर आल्यासारखा हा धावत येऊन टाच आपटून जमीन तपासायचा!

त्याची बायको विनवायची, "अहो, भिंतीशी एक मोगरा लावू द्या ना."

"घर पाडायचंय का?"

पुढे ती वारली. मग परक्यांच्या जागी सौदी माणसं घ्यायच्या सौदीकरणात याची नोकरीही गेली. मायदेशी निघायच्या दिवशी बघतो तर स्वारी भिंतीशी मोगरा लावून बादलीनं पाणी घालतेय!

मी ओरडलो, "अहो, घर खचेल!"

"बोटभर खचेल," तो म्हणाला. "तेव्हाही बोटभरच खचलं असतं."