मामांची तालीम

आमच्या लोकनाट्याचा सिनेमा करताना दिग्दर्शकांनी आमच्या सोंगाड्याला फसवलं. सोंगाड्याला त्यांच्यापुढे नेऊन उभं करणारी मी होते.

फड माझा. त्यात मी आले होते भाकरी थापायला. गावोगावच्या पंचांशी भांडून तारखा ठरवता ठरवता मालकीण झाले. सोंगाडे जळकोटचे, वयानं सगळ्यांत मोठे, म्हणून सगळे त्यांना मामा म्हणत.

पावसानं पाठ फिरवली होती आणि लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मामांनी त्यातूनच खेळ रचला. घरात लग्न, नवरदेवाच्या आंघोळीला पाणी नाही, म्हणून एक गडी टँकरचा अर्ज घेऊन निघतो. जुन्या जिल्ह्याचं हापीस त्याला नव्याकडं पाठवतं. नवं म्हणतं, तुझा कागद अजून जुन्यातच आहे. गडी गाणं म्हणत मधोमध थांबतो आणि लोकांनाच विचारतो, "आता कुनीकडं जाऊ?" काही ओरडत, "उस्मानाबादला." काही, "लातूरला." ज्या बाजूचा आवाज मोठा, तिकडं मामा चालू लागत. तोवर ढोलकी थांबलेली असे. रेणापूरला बायकांतून एक आवाज आला, "आरं, हिरीत उडी टाक. तशीबी कोरडीच हाय."

"टाकतो की मावशे," मामा म्हणाले, "पन वर काढायला दोर कंच्या जिल्ह्याचा मागू?"

हसू ओसरेपर्यंत खेळ पुढं सरकला नाही.

नांदेडच्या प्रयोगाला दिग्दर्शक आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या लॉजवर बोलणी झाली. मी तीन अटी घातल्या. खेळाचं नाव बदलायचं नाही, गाण्यांच्या चाली बदलायच्या नाहीत आणि गड्याचं काम मामाच करणार. पहिल्या दोन त्यांनी कागदावर लिहिल्या. तिसरीला हसले.

"बाई, मामांशिवाय हा सिनेमा होईल तरी कसा?"

मी सही केली. सगळं आयुष्य घासाघीस करण्यात गेलेली मी, आणि त्यांच्या प्रश्नालाच दिलेला शब्द समजले.

मग तीन दिवस तालीम चालली. दिग्दर्शक तिला तालीम म्हणाले, म्हणून आम्हीही म्हणालो. टेबलावर टेपरेकॉर्डर, कोपऱ्यात एक देखणा माणूस वहीत काहीतरी लिहीत बसलेला. मला वाटलं, त्यांचा कारकून असेल. पहिल्याच दिवशी मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, समदं दाखवू का थोडं राखून ठिवू?"

"राखून कुणासाठी ठेवता?" मी म्हणाले. "सगळं दाखवा."

त्यांनी सगळं दाखवलं. मान कशी टाकायची, अर्ज घामानं भिजलेला कसा धरायचा, लोक गप्प राहिले तर काय करायचं. त्यानंतर शूटिंगचं बोलावणं आलंच नाही.

सिनेमा लातूरला लागला तेव्हा मी आणि मामा शेजारी बसून पाहिला. पडद्यावर गडी होता तो कोपऱ्यातला देखणा माणूस. मान मामांची, चाल मामांची. मागं हिरवागार ऊस.

"त्याच्यामागं तर पाटाचं पानी वाहायलंय," मामा हळूच म्हणाले. "वाकून घागर का भरून घेईना?"

मग तो प्रश्न आला, आता कुनीकडं जाऊ. थेटरभर लोक ओरडले. तोवर गडी चालायलाही लागला होता, गाणं तर थांबलंच नव्हतं. तोच प्रश्न दुसऱ्या वेळी आला तेव्हा थोडेच ओरडले. तिसऱ्या वेळी कुणीच नाही.

मी दिग्दर्शकांचं घर गाठलं. खूप बोलले, बोलू नये तेही बोलले. त्यांनी शांतपणे कागद पुढं केला. "दोन अटी होत्या, बाई. दोन्ही पाळल्या." खरं होतं ते.

पुढच्या हंगामात नायगावला मामा उभे राहिले, तर पुढच्या रांगेतून एक जण म्हणाला, "मामा, सिनेमातल्यावानी करा की." लोक हसले. मामाही हसले. त्या हंगामानंतर त्यांनी तोंडाला रंग लावला नाही.

तिसरी अट लिहून घेतली नाही, ही चूक माझी, ती मी मान्य करते. पण दिग्दर्शकसाहेब, त्या तीन दिवसांचा जाब मला तुमच्याकडून हवा आहे. काम दुसऱ्याला द्यायचं ठरलं होतं, तर ही तालीम नव्हे, शिकवणी आहे, असं मामांना का सांगितलं नाही? मागितलं असतं तर त्यांनी शिकवलंही असतं. ते अजून जळकोटलाच राहतात. तुम्ही तिथं या, त्यांच्यासमोर बसा आणि तेव्हा का सांगितलं नाही, हे त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगा.